तीन नंबरचं दार

बोगोतात आम्ही कुत्र्यामांजरांनाही अहोजाहो करतो. माझा बोका ओट्यावर चढला की मी त्याला म्हणते, "अहो, उतरता का जरा खाली?" तो उतरत नाही आणि मी पुन्हा विचारत नाही, कारण दोनदा विचारणं बरं दिसत नाही. बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला तर ज्याचा पाय चेंगरला तोच आधी माफी मागतो. अशा गावातल्या ऑफिसाला मायामीच्या साहेबाने फर्मान काढलं की यापुढे प्रत्येकाने आपल्या सहकाऱ्याचा एकेक दोष दर शुक्रवारी लेखी कळवायचा, आणि तोही इंग्रजीत.

आमची कंपनी फुलं पाठवते. फाकातातिवाकडे मळे आहेत. तिथून गुलाब आणि कार्नेशन निघतात, विमानाने मायामीला जातात आणि पुढे अमेरिकेतल्या दुकानांत. आम्ही अकरा जण विमानतळाच्या रस्त्यावर एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर बसून तक्रारी निस्तरतो. गुलाब कोमेजलेले आले, लाल मागवले तर गुलाबी आले, एका गावची खोकी दुसऱ्या गावी गेली. तीन वर्षांपूर्वी अमेरिकन लोकांनी कंपनी विकत घेतली. तक्रारी त्याच राहिल्या, फक्त आता त्यांना 'शिकण्याच्या संधी' म्हणायचं असं ठरलं.

मी मार्लेनी. न्यू जर्सीत तीन वर्षं हॉटेलच्या चादरी बदलल्या म्हणून माझं इंग्रजी ऑफिसात सगळ्यांत बरं. कोणालाही मायामीला दोन ओळी लिहायच्या असल्या की तो आधी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो, आणि मीही थोडा भाव खाऊन घेते.

आणि माझ्या शेजारच्या टेबलावर नुबिया पाचोन. आम्ही सगळे त्यांना दोन्या नुबिया म्हणायचो, दोन्या म्हणजे मानाने म्हटलेलं 'बाई'. वय चोपन्न, मूळच्या बोयाकाच्या, सुरुवात मळ्यातल्या छाटणीच्या टेबलावर. बोटांवर काट्यांच्या खुणा अजून होत्या. कुठला मुकादम सकाळी किती वाजता फोन उचलतो, कुठला ड्रायव्हर विमान हमखास चुकवतो, कुठली कोल्ड रूम कधी दगा देते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. अवघड तक्रार आली की आम्ही खुर्ची सरकवत त्यांच्याकडे जायचो आणि म्हणायचो, "दोन्या नुबिया, केवढी लाज वाटते हो तुम्हाला त्रास द्यायला." त्या फोन फिरवायच्या, दहा मिनिटांत खोकी सापडायची आणि उत्तर आमच्या नावाने मायामीला जायचं. मी सहा वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा कामही त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांचं कंत्राट दर वर्षी तीस सप्टेंबरला संपायचं आणि एक ऑक्टोबरला नवं व्हायचं. सही करताना कोणी वाचूनही बघत नसे. या वर्षी मात्र फाबियानने सांगितलं की कोणाचं कंत्राट पुढे चालवायचं ते फीडबॅक बघून ठरेल. दोन्या नुबियांच्या नवऱ्याने टॅक्सी विकून दोन वर्षं झाली होती, मुलगी दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि घरात येणारा पगार एकच होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

फाबियान आमच्याकडे माणसांचं खातं बघतो. पूर्वी त्याला कर्मचारी अधिकारी म्हणत. आता त्याच्या कार्डावर जे इंग्रजी छापलंय त्याचा अर्थ 'लोकांचा सोबती' असा होतो. कोणाला काढलं की हाच सोबती त्याला लिफ्टमधून खाली, थेट रस्त्याच्या दारापर्यंत सोडायला जातो.

तर या सोबत्याने ऑगस्टमध्ये आमचा वर्ग घेतला. पडद्यावर सँडविचचं भलंमोठं चित्र लावलं. वरचा पाव स्तुतीचा, खालचा पाव स्तुतीचा, आणि मधे दोषाचा एक पातळसा काप. 'तुम्ही चुकलात' असं इंग्रजीत म्हणायचं नाही, 'मला इथे वाढीला वाव दिसतो' म्हणायचं. 'काम झालेलं नाही' म्हणायचं नाही, 'हे काम अजून प्रवासात आहे' म्हणायचं. आम्ही सगळं वहीत उतरवून घेतलं. एदिल्बेर्तोने माझ्या कानाशी लागून विचारलं, इमारतीला आग लागली तर काय म्हणायचं? मी म्हटलं, आधी जिन्याची स्तुती करायची.

खरं सांगायचं तर या विद्येत फाबियान आम्हाला काय शिकवणार. आमचं अख्खं शहर पावावरच जगतं. मधला काप घालायची आमच्याकडे पद्धतच नाही.

त्यातच गुप्त मित्राचे दिवस आले. सप्टेंबरातला तिसरा शनिवार आमचा प्रेमाचा आणि मैत्रीचा दिवस. त्याआधी तीन आठवडे प्रत्येक ऑफिसात चिठ्ठ्या काढतात. जिचं नाव निघेल तिच्या टेबलावर रोज गुपचूप काहीतरी गोड ठेवायचं, आणि शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर आपलं नाव उघड करून भेट द्यायची. फाबियानच्या डोक्यातून कल्पना निघाली की दोनदोनदा चिठ्ठ्या कशाला काढायच्या? ज्याचा गुप्त मित्र त्याच्यावरच गुप्त फीडबॅक. म्हणजे सकाळी जिच्या टेबलावर चॉकलेट ठेवायचं, दुपारी तिचाच दोष मायामीला कळवायचा. जगात दुसऱ्या कुठल्या ऑफिसाने असा मूर्खपणा केला असेल असं मला वाटत नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मला दोन्या नुबियांची चिठ्ठी आली.

पहिल्या शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या टेबलावर पेरूची वडी आणि चीजचा तुकडा ठेवला. वडी माझ्या आईच्या गावची, वेलेसची, पानात गुंडाळलेली. दुपारी संगणकावर फॉर्म उघडला. पहिला चौकोन स्तुतीचा, तो मी झरझर भरला. दुसरा सुधारणेचा. तो मोकळा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेचना.

दोन्या नुबियांचा दोष मला चांगला माहीत होता. त्या काही म्हणजे काही लिहून ठेवत नसत. सगळं डोक्यात, आणि थोडंफार एका हिरव्या वहीत, तेही अशा खुणांनी की त्यांच्याशिवाय कोणाला कळू नये. त्या रजेवर गेल्या की आम्ही आंधळे. तक्रार कोणी सोडवली आणि कशी, हे भरायला संगणकात एक जागा होती. तिथे त्या कधी आपलं नाव घालत नसत आणि आम्हीही घालत नसू. म्हणजे मायामीच्या लेखी नुबिया पाचोन नावाची बाई दिवसभर बसून काहीच करत नव्हती. सांगण्यासारखी गोष्ट होती ती. पण सकाळी जिला वडी खायला घातली तिला दुपारी हे कसं लिहायचं? शेवटी मी लिहिलं, 'नुबिया इतरांना फारच मदत करते, त्यामुळे कधीकधी तिचं स्वतःचं काम मागे राहतं.'

मी स्वतःवर खूश झाले. दोष म्हणून लिहिला, आणि वाचणाऱ्याला हार घातल्यासारखा वाटावा. दुसऱ्या शुक्रवारी लिहिलं, 'तिने थोडा वेळ स्वतःसाठीही ठेवावा.' तिसऱ्या शुक्रवारी फॉर्म सकाळीच मागितले होते, तर दुसरं काही न सुचून खरडलं, 'सहकाऱ्यांना त्यांचे प्रश्न त्यांचे त्यांना सोडवू द्यावेत.'

बाकीच्यांनीही हेच केलं. मला ठाऊक आहे, कारण सगळ्यांचं इंग्रजी माझ्याच हाताखालून गेलं. कोणाचा दोष हा की तो जेवायलाच उठत नाही, कोणाचा हा की ती फार लवकर येते. एदिल्बेर्तो दिवसातून सहा वेळा जिन्यात सिगारेट ओढायला जातो आणि एकही फोन स्वतः करत नाही. त्याच्याबद्दल आलं होतं, 'कितीही ताण असला तरी शांत राहतो, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करत नाही. सुधारणा: ही शांतता कशी मिळवायची ते त्याने इतरांनाही शिकवावं.' त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी स्वतः दुरुस्त केल्या.

मायामीत ब्रेंट नावाचा साहेब हे सगळं वाचत होता, आणि वाचून खरं मानत होता. हे आमच्या कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमच्याकडे एखाद्याने 'ती फार मदत करते' म्हटलं तर ऐकणारा समजतो की बोलणाऱ्याला दोष द्यायचा नाहीये. ब्रेंट समजला की नुबियाचं काम मागे राहतं. त्याने संगणकात तिचं नाव शोधलं, आणि ते कुठेच नव्हतं.

तिसऱ्या फॉर्मला पाच दिवस होत नाहीत तोच, बुधवारी सकाळी, फाबियानने मला बोलावलं. तिसरा फॉर्म त्याने आधीच्या शुक्रवारीच घेतला होता आणि येत्या शुक्रवारी नावं उघड करायची होती. म्हणाला, दहा वाजता ब्रेंटसाहेबांशी पडद्यावर बोलणं आहे, दुभाषी म्हणून बसा, माझा घसा आज बरा नाही. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाला, "एक संवाद आहे." त्याचा घसा उत्तम होता, खोलीत शिरताना तो गाणं गुणगुणत होता.

आत दोन्या नुबिया बसल्या होत्या. चांगला कोट घातला होता, केस बांधून आल्या होत्या. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. मला म्हणाल्या, "सुमेर्से आहात होय, मग मला काळजी नाही." बोयाकाकडच्या बायका समोरच्याला असं म्हणतात, त्यात मानही असतो आणि मायाही.

ब्रेंट माणूस वाईट नाही. सोफ्यावर त्याच्या मागे त्याचा कुत्रा झोपला होता. त्याने आधी दोन मिनिटं नुबियाची स्तुती केली. निष्ठा, हसरा स्वभाव, फुलांवरचं प्रेम. मी ते मन लावून स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि पदरचंही थोडं घातलं. मग तो म्हणाला, सहकाऱ्यांनी काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायचंय.

त्याने माझी तिन्ही वाक्यं वाचली, एकामागून एक. माझं इंग्रजी दुसऱ्याच्या तोंडून किती चांगलं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं. ती वाक्यं मी स्वतःच्या तोंडाने दोन्या नुबियांना स्पॅनिशमध्ये सांगितली. स्वतःचं काम मागे राहतं. स्वतःसाठी वेळ ठेवावा. सहकाऱ्यांना त्यांचे प्रश्न सोडवू द्यावेत. त्या टेबलाकडे बघत ऐकत होत्या. एकदा फक्त मान वर करून म्हणाल्या, "असं लिहिलंय का कोणी?" आणि परत खाली बघायला लागल्या.

मग ब्रेंटने खालचा पाव घालायच्या आधीचं ते एक वाक्य उच्चारलं. म्हणाला, तीस तारखेनंतर नुबिया आणि कंपनी आपापल्या वेगळ्या वाटांनी बहरतील असं आम्हाला दिसतं. फाबियान आपल्या बुटांकडे बघायला लागला. मला लगेच कळलं. न्यू जर्सीच्या हॉटेलात मॅनेजर बहरण्याबद्दल बोलला की संध्याकाळपर्यंत कोणाचा तरी लॉकर रिकामा झालेला असायचा. मला एवढंच म्हणायचं होतं की तुमचं कंत्राट पुढे चालणार नाही. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. मी म्हटलं, तीस तारखेनंतर नव्या वाटा निघणार आहेत, तुमच्या अनुभवाची साहेबांना फार कदर आहे, बहर वगैरे येईल म्हणतात, आणि घरच्यांनाही त्यांनी नमस्कार सांगितलाय. घरच्यांचं ब्रेंट काही बोलला नव्हता. ते मी कुठून आणलं देव जाणे.

दोन्या नुबियांनी एकदा माझ्या मानेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेबांचे आभार माना. आणि सुमेर्से, एक कामाचं सांगायचंय, तेवढं नीट सांगा. फाकातातिवाला तीन नंबरच्या कोल्ड रूमचं दार लागत नाही. रबर फाटलंय. दुपारची हवा आत जाते आणि तिथले गुलाब दुकानात पोचले की तिसऱ्या दिवशी माना टाकतात. आपल्या अर्ध्या तक्रारी त्या एका दाराच्या आहेत. मुकादमाने वर चारदा सांगितलं, पण त्याचं आपलं भीतभीत सांगणं. फेब्रुवारीत तिकडच्या प्रेमदिनाची गर्दी सुरू व्हायच्या आत ते बदलायला सांगा."

नोकरीवरून काढलेली बाई कंपनीला हे सांगत होती. त्या तीन आठवड्यांत त्या इमारतीत कोणी कोणाला दिलेला खरा उपयोगी फीडबॅक हा एवढाच. मी तो सवयीने इंग्रजीत असा सांगितला: 'नुबियाला मनापासून असं वाटतं, की दरवाज्यांच्या बाबतीत आपल्याकडे कदाचित सुधारणेला थोडा वाव असू शकेल.' ब्रेंटने मान डोलावली, अशा विचारांचं कंपनीला फार मोल वाटतं म्हणाला, आणि काही लिहून घेतलं नाही.

बाहेर आल्यावर दोन्या नुबियांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. दुपारी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की बोलणं छान झालं आणि शुक्रवारचा केक त्यांच्याकडून. लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या. कॉफीच्या यंत्राशी फाबियान भेटला, तर माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, "फार छान हाताळलंत."

"अहो, त्यांना कळलेलंच नाहीये," मी म्हटलं.

"पत्र गेलं की कळेल," तो म्हणाला. "पत्र स्पॅनिशमध्ये असतं."

गुरुवारी मी तीनदा त्यांच्या टेबलाशी गेले. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "दोन्या नुबिया, केवढी लाज वाटते हो," तर त्यांना वाटलं मला एखादी हरवलेली खोकी शोधून हवीय, आणि त्यांनी वही पुढे ओढली. तिसऱ्यांदा त्यांनी त्यांच्या पावातला अर्धा पाव माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला आणि परत येऊन बसले. मला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

शुक्रवारी चार वाजता टेबलं जोडली. दोन्या नुबियांनी आटीव दुधाचा भलामोठा केक आणला होता, वर साखरेचा गुलाब. एकेक जण उठून आपल्या टेबलावर गोड ठेवणारा मित्र कोण ते आधी ओळखत होता, मग नाव उघड होत होतं. त्यांची पाळी आली तेव्हा त्या सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझी मैत्रीण मार्लेनी. वेलेसची वडी पानात गुंडाळून आणणारं दुसरं कोण आहे इथे?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मला जवळ घेतलं, आणि मला ते सहन होईना. मी त्यांना दंडाला धरून बाहेर जिन्यात नेलं, जिथे एदिल्बेर्तोच्या सिगारेटची थोटकं पडलेली असतात.

"दोन्या नुबिया, तुमचं कंत्राट संपलं," मी म्हटलं. "नवीन होणार नाही. बुधवारी साहेब तेच म्हणाले, मी सांगितलं नाही. आणि ती तीन वाक्यं मी लिहिली होती."

त्या पायरीवर बसल्या. केक मांडताना बोटाला लागलेलं क्रीम रुमालाने पुसलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"साहेब अर्धं मिनिट बोलले आणि सुमेर्से चार मिनिटं. तुमच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. मळ्यात माणसं कमी करायची असली की मुकादमाची मान अशीच व्हायची."

"मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत?"

"तुमचे इतके हाल चालले होते. म्हटलं, आणखी कशाला त्रास द्यायचा."

"आणि केक?"

"केकची ऑर्डर आधीच दिली होती."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, दाराचं सांगितलंत ना? मी काय सांगितलं ते त्यांना स्पॅनिशमध्ये करून ऐकवलं, दरवाज्यांच्या बाबतीत कदाचित थोडा वाव असू शकेल. त्या हसल्या. हसता हसता थांबल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला.

"म्हणजे सांगितलंच नाहीत," त्या म्हणाल्या. "बरं, मला आता खरं सांगा. माझ्याबद्दल काय लिहायला हवं होतं?"

मी हिरव्या वहीचं सांगितलं. संगणकातल्या त्या मोकळ्या जागेचं, त्यांचं नाव कुठेच दिसत नाही त्याचं, त्या रजेवर गेल्या की आम्हाला काही सापडत नाही त्याचं. भराभर सांगितलं, एकही स्तुती न घालता.

"हे तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं. सहा वर्षांत त्या मला पहिल्यांदा एकेरीत बोलल्या.

"पहिल्या वर्षापासून."

"मग सांगितलं का नाहीस ग? दोन संध्याकाळचं काम होतं ते. माझ्या मुलीने बसून टाइप करून दिलं असतं."

त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही असं मी स्वतःला समजावत आले होते. खरं म्हणजे मला अवघड झालं असतं म्हणून सांगितलं नाही. आणि त्यांनी आपलं नाव घालायला सुरुवात केली असती तर माझं नाव कुठे कुठे गळालं असतं, तेही मला कळत होतं.

"आता तरी लिही," त्या उठून म्हणाल्या, आणि केक कापायला आत गेल्या.

मी त्याच पायरीवर बसून फोनवर ब्रेंटला लिहिलं, फाबियानलाही प्रत टाकली. 'तीन नंबरच्या कोल्ड रूमचं दार लागत नाही. रबर फाटलं आहे. तिथले गुलाब मरतात. ते बदला. नुबियाबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. माझ्या नावावरच्या सगळ्या अवघड तक्रारी तिने सोडवल्या आहेत, इतरांच्याही. तिचा एकच दोष आहे, ती लिहून ठेवत नाही, आणि तो तिला आजवर कोणी सांगितला नव्हता. तिला काढू नका.' वर पाव नाही, खाली पाव नाही. न्यू जर्सीत मी अशीच बोलायचे, आणि तिथे चादरी वेळेवर मिळायच्या.

सोमवारी दुपारच्या आत फाकातातिवाला मेकॅनिक पोचला. मंगळवारी तीन नंबरचं दार लागलं. मुकादमाने दोन्या नुबियांना फोन करून सांगितलं, कारण बाकी कोणाला सांगावं हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या भागाचं उत्तर आठवड्याने आलं. ब्रेंटने माझ्या मोकळेपणाची तारीफ केली होती, निर्णय मात्र आता फार पुढच्या प्रवासात असल्याचं कळवलं होतं, आणि शेवटी माझ्या पत्राच्या सुराबद्दल वाढीला वाव असल्याचं म्हटलं होतं. तीस तारखेला फाबियान दोन्या नुबियांना लिफ्टमधून खाली दारापर्यंत सोडायला गेला. हिरवी वही त्या घेऊन गेल्या, आणि बरोबरच केलं. खिडकीजवळचं त्यांचं टेबल एदिल्बेर्तोला मिळालं, शिवाय आम्हा सगळ्यांवर त्याला प्रमुख नेमलं, ताणातही शांत राहतो म्हणून.

ऑक्टोबरात एक मोठी तक्रार आली. चाळीस खोकी गायब. प्रमुखसाहेबांनी दोन दिवस शांत राहून पाहिलं, मग दोन्या नुबियांच्या घरी फोन लावला. मी शेजारीच होते. "दोन्या नुबिया, केवढी लाज वाटते हो तुम्हाला त्रास द्यायला," असं त्याने सुरू केलं. पलीकडून त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या की त्रास कसला, पण तक्रार लेखी पाठवा, इंग्रजीत पाठवा, आणि मधे काय हवंय ते स्पष्ट लिहा. खोकी अजून सापडलेली नाहीत. त्यांच्या मुलीच्या शेवटच्या वर्षाचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. माझी हिंमत होत नाही.

गेल्या आठवड्यात फाबियानने पुन्हा वर्ग घेतला. विषय होता पत्राचा सूर. पडद्यावर त्याने माझंच पत्र लावलं, खालचं नाव काळ्या पट्टीने झाकून. सगळ्यांना ते कोणाचं आहे हे माहीत होतं, म्हणून सगळे खिडकीबाहेर बघत होते. फाबियानने विचारलं, या पत्रात काय कमी आहे? एक जण म्हणाली, स्तुती. दुसरा म्हणाला, थोडी माया. एदिल्बेर्तो म्हणाला, शांतता.

मी हात वर केला.

"वेळ," मी म्हटलं. "हे सहा वर्षं उशिरा लिहिलंय."

फाबियानने माझे आभार मानले, फळ्यावर 'वेळेवर लिहा' असं लिहिलं, त्याखाली एक रेघ ओढली, आणि पुढचं चित्र लावलं.